जंतुनाशक साबणाने रोज घासून अंघोळ केली तर त्वचेवरचे जंतू संपतात का?

नाही, आणि ते संपूही नयेत. साबणाने काही तास संख्या घटते, पण केसांच्या मुळाशी राहिलेले जंतू पुन्हा वस्ती करतात.

ही वस्ती सगळीकडे सारखी नसते. आपल्याच नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला धो धो पाऊस आणि येवल्याला कोरडं, तसंच अंगावर! काखेच्या ओलाव्यात कोरिनेबॅक्टेरियम नावाचे जंतू फार. ताज्या घामाला जवळपास वास नसतो, तो वास हे जंतू तयार करतात. कपाळ-नाकाच्या तेलकट भागात क्युटिबॅक्टेरियम. ते तेल फोडून आम्लं बनवतात. त्वचा किंचित आम्लधर्मी राहते ती काही अंशी त्यामुळे, आणि बाहेरच्या अनेक रोगजंतूंना तिथे पाय रोवणं अवघड जातं. साबण बहुतेक अल्कधर्मी असतो, म्हणून सारखं घासलं की त्वचा कोरडी पडते, खाजते. नाशिकच्या थंडीत तर जास्तच.

द्राक्षबागेत फवारणी करून आलात तर मात्र सगळं अंग साबणाने नीट धुवा, तिथे प्रश्न औषधाचा आहे. जेवणाआधी हातही साबणानेच. एरवी काख, जांघा, पाय यांना साधा साबण लावा, बाकी अंगाला पाणी पुरतं.