बर्लिनच्या थंडीसाठी 84 हजार: कर्जातून की गाठीतून?

निफाड तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरची द्राक्षबाग आहे. मुलगा इंजिनिअर झाला असून दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी सप्टेंबरच्या मध्यावर बर्लिनला निघतो आहे. बँकेचं शैक्षणिक कर्ज 11 टक्क्यांनी मंजूर झालंय. नाशिकच्या एका दुकानात त्यांनी थंडीच्या कपड्यांचा भाव काढला, तो असा: जाड पफर जॅकेट 26 हजार, लोकरीचा लांब कोट 18 हजार, बर्फातले बूट 14 हजार, चार स्वेटर 10 हजार, थर्मलचे चार जोड 8 हजार, आणि टोपी-मफलर-मोजे-हातमोजे मिळून 8 हजार. एकूण 84 हजार. ताई विचारतात, "हे पैसे कर्जातूनच घ्यावेत, की माझी 90 हजारांची एफडी मोडू? बचत खात्यात चाळीस-पंचेचाळीस हजार आहेत. मुलगा म्हणतो, तिकडे जुने कपडे स्वस्तात मिळतात, काही घेऊ नकोस. पण परक्या माणसाचे उतरलेले कपडे माझ्या पोराने घालायचे, हे मनाला पटत नाही. मी स्वतः स्वेटर विणते, तेवढा एक तरी देणारच आहे."

ताई, उत्तर आधी सांगतो. कर्जातून एक रुपयाही नको आणि एफडीलाही हात नको. 84 हजारांऐवजी साधारण 31 हजारांत तुमचा मुलगा बर्लिनच्या थंडीत व्यवस्थित राहील. त्यातले जेमतेम 13 हजार इथे खर्च करायचे आणि 18 हजार युरोच्या रूपात त्याच्याजवळ द्यायचे. ही सगळी रक्कम बचत खात्यातून निघते आणि खात्यात थोडी शिल्लकही राहते.

कर्जाला एवढा विरोध का, ते आकड्यांतच बघा. अशा कर्जात सहसा शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. 84 हजारांवर 11 टक्क्यांनी सरळव्याज धरलं तरी तीन वर्षांचे 27,720 रुपये होतात. ते मुद्दलात मिळवले की 1,11,720. दहा वर्षांची मुदत घेतली तर यावर महिन्याला सुमारे 1,539 रुपये हप्ता बसतो आणि शेवटपर्यंत मिळून साधारण 1 लाख 84 हजार सातशे रुपये भरले जातात. मुलाने नोकरी लागताच कर्ज लवकर फेडलं, तर हा आकडा बराच खाली येईल. तो तसं करेल अशी माझीही इच्छा आहे. पण आज निर्णय घेताना ते गृहीत धरू नका. फीसाठी घेतलेलं कर्ज पुढे पगार मिळवून देतं. कोट तीन-चार हिवाळ्यांत विरतो, त्याचा हप्ता मात्र तेरा वर्षांनी संपतो.

एफडीचं गणित वेगळं आहे. सात टक्क्यांची ठेव मोडून अकरा टक्क्यांचं कर्ज टाळणं कागदावर फायद्याचंच दिसतं, आणि नोकरदार घराला मी कदाचित तसं सांगितलंही असतं. तुमचं घर द्राक्षावर चालतं. छाटणीनंतर एक अवकाळी पाऊस आला की औषधांच्या फवारण्या दुप्पट होतात आणि त्याच वेळी हातात पैसा नसतो. मुलगाही लांब असणार. या 90 हजारांचं काम तेव्हाचं आहे.

आता थंडीकडे येतो, कारण खर्च कुठे कमी करायचा हे थंडी कशी आहे त्यावर ठरतं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला तुम्ही पाहिला आहे, बागेत शेकोट्या पेटवल्या आहेत. बर्लिनमध्ये जानेवारीची सरासरी शून्य-एक अंशाच्या आसपास असते. रात्री पारा उणे पाचपर्यंत जातो, एखाद्या आठवड्यात उणे दहापर्यंतही. शिवाय ओल असते, वारा असतो, आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. पण एक मोठा फरक आहे. निफाडला घरातही थंडी असते. तिकडे वर्ग, ग्रंथालय, ट्रेन, खोली, सगळीकडे हीटिंग असतं आणि आत वीस अंशांच्या आसपास ऊब असते. दुकानदाराने दाखवलेलं ते 26 हजारांचं जॅकेट बाहेरच्या दहा-पंधरा मिनिटांत उपयोगी पडेल. आत गेल्यावर मात्र खाली फक्त एक जाड थर्मल असेल, तर माणूस घामाघूम होतो, आणि तोच घाम बाहेर पडल्यावर गारठवतो.

म्हणून तिकडची माणसं एका जाड कपड्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर घालतात. जर्मन भाषेत या पद्धतीला चक्क कांद्याच्या नावाने ओळखतात, ‘त्स्वीबललुक’. लासलगावच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. सगळ्यात आत घाम ओढून घेणारं पातळ थर्मल, मधे ऊब धरणारा लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस (मऊ, हलक्या कृत्रिम कापडाचं गरम जॅकेट), आणि वर वारा-पाऊस अडवणारा कोट. आत गेलं की वरचे पापुद्रे काढायचे. पैशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की प्रत्येक थराचा विचार वेगळा करता येतो. कुठला नवा घ्यायचा, कुठला जुना चालेल, कुठला इथून न्यायचा, हे आपण ठरवायचं. पूर्ण सेट एकदम घेतला की ही मुभा जाते.

अंगाला लागणारं आणि पायात जाणारं नवं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. थर्मलचे तीन जोड 3,600 रुपयांत येतात. मोजे, टोपी, मफलर, हातमोजे यांना 2,500 पुरतात. एक फ्लीस 1,500 ला. नाशिकला शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधून 1,200 पर्यंतचा एक स्वेटर घ्या. तिथला बराच माल लुधियानाचा आणि अ‍ॅक्रिलिकचा असतो. लोकरीइतकी ऊब त्यात नाही, पण वर्गात बसायला उत्तम आणि धुवायला सोपा. शिवाय 4,000 पर्यंतचं एक साधं, पाणी न झिरपणारं जॅकेट, विमानात अंगावरच घालून जायला. त्याने सप्टेंबर-ऑक्टोबर निघून जातो. सगळे मिळून 12,800. जीन्स, शर्ट घरचेच न्यायचे. जड कोट आणि बूट बॅगेत नसले की तीन-चार किलो वजन वाचतं. तेवीस किलोच्या बॅगेत तेवढ्या जागेत कुकर आणि मसाले बसतात, जे तिकडे महाग पडतात.

बूट इथून घेऊ नका आणि जुनेही घेऊ देऊ नका. वापरलेल्या बुटाचा तळ दुसऱ्याच्या चालीप्रमाणे झिजलेला असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लास्टिकचा) तळ वर्षानुवर्षं पडून राहिला की आतून ठिसूळ होतो. बाहेरून नवा दिसणारा बूट दोन दिवसांत भुगा होऊन हातात येतो. नवे, पाणी न शिरणारे बूट तो 80 युरोपर्यंत बर्लिनमध्ये घेऊ शकेल. जाड मोजे घालून माप बघायचं, एवढं त्याला सांगा.

कोट मात्र जुनाच घ्यावा. बर्लिनमध्ये वापरलेल्या कपड्यांचा व्यवहार मोठा आहे आणि तो उजळ माथ्याने चालतो. फ्रांकफुर्टर टोर चौकात ‘हुमाना’ या जुन्या कपडे विकणाऱ्या साखळीचं कित्येक मजली दुकान आहे, ‘ऑक्सफॅम’ या सेवाभावी संस्थेची दुकानं आहेत, रविवारी माउअरपार्कमध्ये जुना बाजार भरतो. ‘क्लाइनआनत्सायगन’ नावाच्या संकेतस्थळावर लोक घरातल्या वस्तू विकतात. काही जण तर नको असलेले कपडे ‘फुकट न्या’ अशी चिठ्ठी लावून दाराबाहेर खोक्यात ठेवतात. विद्यार्थी, प्राध्यापक, नोकरदार, सगळे तिथून घेतात. चाळीस युरोत त्याला लोकरीचा चांगला कोट किंवा पिसांचं जॅकेट मिळेल आणि दहा-दहा युरोत दोन लोकरी स्वेटर.

घेताना काय बघायचं, ते त्याला लिहूनच द्या. आधी आतलं लेबल. ‘वोलं’ किंवा ‘शुअरवोलं’ म्हणजे लोकर, ‘डाउनन’ म्हणजे पिसं, ‘पोलिआक्रुल’ म्हणजे अ‍ॅक्रिलिक. मग कोट उजेडासमोर धरून कसरीची भोकं आहेत का ते बघायचं. काखेचा वास घ्यायचा, अस्तराच्या शिवणी तपासायच्या. पिसांचं जॅकेट मुठीत दाबून सोडायचं. ते पुन्हा फुगलं तर ठीक, आत गोळे लागले तर परत ठेवायचं. चेन दोन-तीनदा वर-खाली करायची. हे मी जोर देऊन सांगतो, कारण तिकडे शिंप्याची मजुरी महाग आहे. चेन बदलायचा खर्च कोटाच्या किमतीच्या बरोबरीला जाऊ शकतो. बटण तुटलेलं चालेल. जाण्याआधी त्याला बटण लावायला शिकवा आणि सुई-दोरा द्या. कोट घालून बघताना आत स्वेटर असायला हवा. रंग काळा, राखाडी किंवा गडद निळा घ्यावा, म्हणजे दोन जीन्स आणि तीन-चार स्वेटरांवर तोच एक कोट सगळा हिवाळा चालतो. घरी आणल्यावर लोकरीचे कपडे पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवले की कसर मरते. मग लोकरीच्या साबणाने थंड पाण्यात धुवायचे.

संकेतस्थळावरून घ्यायचं असेल तर पैसे समोर जाऊन, वस्तू हातात घेऊन द्यायचे. कुणी आधी पैसे मागितले किंवा पेमेंटची लिंक पाठवली, तर तो व्यवहार तिथेच सोडून द्यायचा. नव्याने आलेले विद्यार्थी याच ठिकाणी फसतात.

आता तुमच्या मनाला जे पटत नाही त्याबद्दल. ते मी बाजूला सारणार नाही, कारण घरातल्या पैशाचे निम्मे निर्णय याच जागी अडतात. तुम्ही बोहारणीला जुन्या साड्या देऊन पातेली घेतली असतील. त्या साड्या पुढे कुणीतरी नेसलंच. थोरल्याचा स्वेटर धाकट्याला, मामेभावाचा गणवेश आपल्या पोराला, आजीच्या लुगड्यांची वाकळ, हे सगळं तुमच्या-माझ्या घरात झालेलं आहे. तुमचा आक्षेप जुन्यापणाला नसून परकेपणाला आहे, असं मला वाटतं. तर हेही ठाऊक असू द्या की युरोपात टाकून दिलेले बरेच लोकरी कपडे वर्षानुवर्षं पानिपतला येत आले आहेत. तिथे ते पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं विणतात. पुरात वाटल्या जाणाऱ्या राखाडी ब्लँकेटांत बऱ्याचदा असंच सूत असतं. आपल्याकडे कित्येक घरांत ती ऊब आधीच पोहोचली आहे, फक्त तिचं मूळ आपल्याला दिसत नाही. नातेवाइकांनी विचारलं, तर मुलाने कोट बर्लिनमध्ये घेतला एवढं सांगा. ते खरंच आहे.

पैसे कसे द्यायचे, तेवढं राहिलं. बूट 80, कोट 40, स्वेटर 20, आणि हाताशी 40 युरो: एकूण 180. एक युरो शंभर रुपयांना धरला तर 18 हजार. हे पैसे मुलाजवळ वेगळे असू द्या. त्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवतात त्या खात्यात) वर्षाचे 11,904 युरो असतील, पण महिन्याला सुटतील फक्त 992. त्यातले निम्म्याहून जास्त खोलीभाड्यात आणि आरोग्य विम्यात जातात. खोलीचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतकं असू शकतं. पहिल्या दोन महिन्यांत ओढाताण होते, आणि अशा वेळी मुलं कपड्यांचे पैसे भाड्यात घालून पातळ जॅकेटवर नोव्हेंबर काढतात. आजारी पडतात आणि घरी सांगत नाहीत. म्हणून आई म्हणून तुमच्याकडे एक काम देतो: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्याला व्हिडिओ कॉल करा आणि बूट व कोट दोन्ही बघायला मागा.

बँकेला सांगून 84 हजारांची ही रक्कम उचलूच नका. मंजूर झालेली सगळी रक्कम घेतलीच पाहिजे असं नसतं. न उचललेल्या पैशावर व्याज लागत नाही.

आणि तुमचा स्वेटर. दुकानदाराच्या यादीतल्या चारही स्वेटरांपेक्षा तो मोलाचा ठरेल, पण लोकर बघून घ्या. दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतात. वेष्टनावर खऱ्या लोकरीची टक्केवारी लिहिलेली असते, ती निम्म्याहून वर असलेलीच घ्या. थोडी महाग पडेल. ते पैसे वरच्या 12,800 मध्ये तिबेटी मार्केटचा स्वेटर वगळून काढता येतील. विणताना बाह्या फार सैल ठेवू नका, वरून कोट चढायचा आहे. गळा मात्र उंच घ्या.