वडिलांना स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर सुचवलाय, बसवावा का?

वडिलांच्या कंबरेतल्या गादीचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, तरी डाव्या पायातली आग आणि झटके थांबत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. डॉक्टरांनी स्टिम्युलेटर, म्हणजे मज्जारज्जूजवळ बारीक करंट देऊन दुखणं दाबणारं यंत्र, सुचवलाय आणि खर्चाचा आकडा ऐकून घरात दोन तट पडलेत. मी फोंड्याला राहते, माझ्या पाठीत हे यंत्र चार वर्षं आहे. माझं म्हणणं आधीच सांगते: बसवायचं की नाही हे आज ठरवू नका. ट्रायल, म्हणजे कायमचं बसवण्याआधी काही दिवस तात्पुरत्या तारा लावून बघणं, करायची का, एवढंच ठरवा. आणि ट्रायलमध्ये काय जमलं तर पुढे जायचं, हे ट्रायलच्या आधीच कागदावर लिहून ठेवा.

माझी कहाणी तुमच्या वडिलांसारखीच. ऑपरेशनने कंबर सुधारली, पण उजव्या पावलाची आग राहिली. चादर पायाला लागली तरी कळ मस्तकात जायची. नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या, प्रीगॅबालिन आणि ड्युलोक्सेटिन, झाल्या, इंजेक्शनं झाली. मी शाळेत शिकवायचे. गोळ्यांच्या गुंगीत फळ्यावर अर्धं वाक्य लिहून पुढचं विसरायचे. ते मला दुखण्याइतकंच लागायचं.

यंत्र काय करतं ते थोडक्यात. कोपर दारावर आपटलं की आपण चोळतो आणि कळ जरा निवते. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच दुखण्याच्या संदेशांची वाट अडवतात, असा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला. त्यावरून १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. नॉर्मन शीली यांनी पहिल्यांदा माणसाच्या मज्जारज्जूजवळ विजेची तार बसवली. आजही मूळ कल्पना तीच: मणक्यांच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा आणि कुल्ल्याच्या वर किंवा पोटाजवळ कातडीखाली बॅटरी. जुन्या पद्धतीत दुखऱ्या जागी मुंग्या जाणवतात. सेकंदाला १०,००० स्पंदनं देणाऱ्या नव्या पद्धतीत त्या जाणवत नाहीत. नस मात्र बरी होत नाही, हे वडिलांना स्पष्ट सांगा. यंत्र बंद केलं की दुखणं परत येतं.

आता ट्रायल. माझी मुंबईत झाली. पालथं झोपवून, जागा बधिर करून, एक्स-रे बघत सुईतून तारा सरकवल्या. मी जागी होते, कारण डॉक्टर सारखे विचारत होते, "मुंग्या कुठे येतात? मांडीत? पावलात?" नंतर तारा पाठीला चिकटवून, कमरेला छोटी पेटी बांधून आठवडाभर सोडलं. त्या दिवसांत आंघोळ नाही, वाकणं नाही. दुखणं निम्म्याने तरी कमी झालं तर ट्रायल यशस्वी धरतात. पण इतकी वर्षं सोसलेल्या माणसाला ते कमी व्हायलाच हवं असतं! पहिले दोन दिवस मी सगळ्यांना "खूप बरं वाटतंय" सांगत होते. खरं काय ते नवऱ्याच्या वहीतून कळलं. रात्री किती वेळा उठले, किती पावलं चालले, गोळी कधी मागितली, सगळं तो लिहायचा. तिसऱ्या रात्री मी पहिल्यांदा सलग पाच तास झोपले होते. तुमच्या घरातही असा एक लिहिणारा नेमा.

पुराव्याबद्दल दोन्ही बाजू ऐका. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या एका चाचणीत, ऑपरेशननंतरही पाय दुखणाऱ्यांपैकी यंत्र बसवलेल्या ४८ टक्के लोकांचं पायाचं दुखणं सहा महिन्यांनी निम्म्याने किंवा जास्त कमी झालं. नुसत्या औषधोपचारावर ९ टक्क्यांचं. पण ती चाचणी यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाली होती. उलट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या चाचणीत ५० रुग्णांना यंत्र चालू आणि बंद ठेवून पाहिलं, तर फारसा फरक दिसला नाही. म्हणूनच लाखांचा निर्णय कुणाच्या अनुभवावर घेऊ नका, माझ्याही नाही. विमा किंवा सरकारी योजना किती देईल तेही आधी लेखी घ्या.

बसवल्यावरचं फारसं कुणी सांगत नाही. पहिले दीड-दोन महिने वाकणं, पिळणं, उचलणं बंद, कारण तार सरकते. मी पाचव्या आठवड्यात विळीवर बसून नारळ खवला आणि मुंग्या पायातून बरगडीत गेल्या. प्रोग्रॅम बदलून निभावलं. काहींना परत ऑपरेशन लागतं. आडवं झाल्यावर मज्जारज्जू तारांच्या जवळ येतो, म्हणून झोपताना तोच करंट जास्त जाणवतो आणि कमी करावा लागतो. रिमोट उशाशी ठेवावा. माझी बॅटरी कातडीवरून चार्ज होते. पावसात इथे वीज तासन्‌तास जाते, तेव्हा चार्जिंग शेवटच्या दिवसावर ढकलत नाही. फिजिओथेरपीत डायथर्मीचा (यंत्राच्या लहरींनी आतून दिला जाणारा) शेक कधीही घ्यायचा नाही, तारा तापून इजा होते. एमआरआयआधी यंत्राचं कार्ड दाखवायचं. आणि वडिलांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील किंवा मधुमेह असेल, तर ट्रायलच्या तारखेआधीच बोला. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे खरे धोके आहेत.

माझं दुखणं दहापैकी आठवरून चारवर आलं. पाऊल अजून बधिर आहे. कागदावर मी तीन गोष्टी लिहिल्या होत्या: चादर घेऊन झोपणं, कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसने बसून पणजी गाठणं, आणि मंगेशीला अनवाणी प्रदक्षिणा. पहिल्या दोन जमल्या. तिसरी थंडीच्या दिवसांत, सकाळी लवकर गेले तर जमते.

तुमच्या कागदावरच्या ओळी वडिलांना स्वतः लिहू द्या. माझ्या नवऱ्याने आधी "बाजारात जाणं" लिहिलं होतं. मी ते खोडून मंगेशी लिहिलं.