किस्सातेनमध्ये कधी जावं, काय मागावं? जपानच्या कॉफीघरांविषयी वाचकांचे प्रश्न

जपानची सहल ठरवणाऱ्या वाचकांनी तिथल्या कॉफीघरांविषयी बरंच विचारलं आहे. त्यातले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. हिशेबासाठी १०० येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये धरा.

एप्रिलमध्ये टोकियो आणि क्योतोला आठ दिवस जातो आहोत. नकाशावर ‘कॅफे’ही दिसतात आणि ‘किस्सातेन’ही. फरक काय? वेळ कमी असेल तर कुठे जावं?
*(एक वाचक, सोलापूर)*

किस्सातेन म्हणजे शब्दशः चहा पिण्याचं दुकान, पण तिथे मान कॉफीचा. टोकियोत उएनोजवळ १८८८ साली पहिलं कॉफीघर उघडलं. आज जी किस्सातेन चालू आहेत ती बहुतेक त्याच्या कितीतरी नंतरची आहेत. मंद दिवे, लाकडी भिंती, मखमली खुर्च्या आणि काउंटरमागे एकेक कप स्वतः करणारा मालक. त्याला सगळे ‘मास्टर’ म्हणतात. ‘जुन्किस्सा’ अशी पाटी असेल तर तिथे दारू मिळत नाही, एवढाच त्या ‘जुन्’चा म्हणजे ‘शुद्ध’चा मूळ अर्थ. कॅफे हा नवा प्रकार. तिथे बहुधा काउंटरवर आधी पैसे द्यायचे, बिया हलक्या भाजलेल्या, आणि दार उघडायला दहा-अकरा वाजतात.

किस्सातेनला किमान पाऊण तास द्या. तेवढा वेळ नसेल तर सरळ साखळी दुकानात जा. किस्सातेनमध्ये कॉफीला ५०० ते ९०० येन पडतात, ते जितके कपाचे तितकेच त्या जागेचे असतात. दहा मिनिटांत पिऊन उठलात तर महाग पडल्याचंच वाटेल.

टोकियोत एकच भाग निवडायचा असेल तर जिम्बोचो निवडा. जुन्या पुस्तकांच्या दुकानांची ही वस्ती. मागच्या गल्लीत विटांच्या भिंतींचं लाद्रिओ आहे (१९४९), ते फेटलेल्या क्रीमच्या ‘विन्ना कोही’साठी प्रसिद्ध. भुयारासारखं साबोरू १९५५ चं. पुस्तकं आधी पाहा आणि पिशवी घेऊन मग बसा. तिथला बराचसा ग्राहक हेच करतो. शिबुयातलं लायन १९२६ पासूनचं आहे. सगळ्या खुर्च्या भल्यामोठ्या स्पीकरकडे तोंड करून मांडलेल्या, शास्त्रीय संगीत चालू, बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. गप्पा मारायच्या असतील तर तिकडे जाऊ नका. एकट्यानं तासभर बसायचं असेल तर मात्र चुकवू नका.

नागोयात कॉफीबरोबर नाश्ता फुकट मिळतो असं ऐकलं. खरं आहे का? त्यात काही मेख आहे का?
*(एक वाचक, नाशिक)*

खरं आहे. याला ‘मॉर्निंग’ म्हणतात. दुकान उघडल्यापासून, बहुतेक ठिकाणी ११ पर्यंत, कुठलंही पेय मागवलं की त्याच पैशांत टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं. नागोया आणि शेजारच्या इचिनोमिया भागात ही रीत सर्वांत घट्ट रुजली आहे.

मेख असलीच तर दोन गोष्टींची. एक म्हणजे माणशी एक पेय घ्यावं लागतं. चौघांत दोन कॉफी आणि चार टोस्ट असं होत नाही. दुसरी, घड्याळ. ११ ला दोन मिनिटं असताना आत शिरलात आणि मागणी ११ नंतर गेली, तर बऱ्याच ठिकाणी मॉर्निंग संपलेलं असतं. साडेनऊपर्यंत पोचा. शनिवार-रविवारी आठलाच जा, कारण तेव्हा स्थानिक कुटुंबंच्या कुटुंबं येऊन बसतात.

कोमेदा ही १९६८ साली नागोयात सुरू झालेली साखळी आता देशभर आहे, त्यामुळे नागोयाला गेला नाहीत तरी मॉर्निंग चुकत नाही. तिथे अंड्याऐवजी ‘ओगुरा आन’ मागता येतं. हे आन म्हणजे अझुकी नावाच्या, लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या कडधान्याचं साखर घालून शिजवलेलं सारण. आपल्या पुरणाच्या जवळचं, पण सालासकट भरड ठेवलेलं आणि वेलची-जायफळाशिवाय. बोटभर जाडीच्या गरम टोस्टवर आधी लोणी पसरायचं, ते विरघळायला लागलं की वर आन. उलटं केलंत तर लोणी थंड आनावर तसंच बसतं आणि पावात उतरत नाही. खारट लोणी आणि गोड पुरण यांची जोडी मराठी जिभेला पहिल्याच घासात पटते.

आम्ही शाकाहारी, सासूबाई अंडंही खात नाहीत. कॉफीघरात खायला काही मिळेल का, की नुसती कॉफी प्यायची?
*(एक वाचक, ठाणे)*

मिळेल, पण नीट विचारून. गोंधळ बहुतेक एकाच ठिकाणी होतो. ‘निकु’ म्हणजे मांस असं शिकून तुम्ही ‘निकु नको’ म्हणता आणि सँडविचमध्ये हॅम येतं. ऐकणाऱ्याच्या मनात निकु म्हणजे मांसाचे तुकडे. हॅम, बेकन, सॉसेज हे त्याच्या लेखी वेगळे जिन्नस. म्हणून नावं घेऊन सांगा: ‘हामु मो बेएकोन मो नुइते कुदासाई’, म्हणजे हॅमही काढा, बेकनही काढा. अंड्यासाठी ‘तामागो नुकि दे ओनेगाई शिमासु’.

भाज्यांचं सँडविच मागणी आल्यावरच बनतं, त्यामुळे वगळणं सोपं जातं. सासूबाईंसाठी ‘मायोनेझु नुकि’ हेही जोडा, कारण तिथल्या मेयोनीजमध्ये अंडं असतं. टोमॅटो केचपमध्ये परतलेलं ‘नापोरितान’ स्पॅगेटी सॉसेज किंवा बेकन काढून करून देतात, पण त्याच तव्यावर. ते चालणार नसेल तर घेऊ नका. करी-राइस मात्र टाळाच. भाज्यांचा म्हटला तरी त्याच्या तयार मसाल्यात प्राण्याची चरबी किंवा मांसाचा अर्क बहुधा असतो आणि करी आधीच शिजलेली असल्यानं काढण्यासारखं काही उरत नाही.

गोडात पुडिंग, हॉटकेक, कास्तेरा (स्पंज केक) आणि जवळजवळ सगळे केक अंड्याचे. जेलीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कॉफी जेली दिसायला निरुपद्रवी, पण ती जिलेटिनची असेल तर ते जनावराच्या कातडी-हाडांपासून येतं. समुद्री शेवाळाच्या ‘कान्तेन’ची असेल तर निर्धास्त खा. विचारायचं: ‘झेराचिन हाइत्ते इमासु का?’ म्हणजे जिलेटिन आहे का?

मनसोक्त खायचं तर ‘कानमि’ म्हणजे जपानी गोडाच्या दुकानांकडे वळा. वाराबिमोची ही लुसलुशीत वडी किनाकोत घोळवून देतात. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, वास अगदी सातूच्या पिठासारखा. वर कुरोमित्सु ओततात, तो तर सरळ काकवीचा भाऊ. आनमित्सुत कान्तेनचे चौकोन, अझुकीचं आन, फळं आणि तोच काळा पाक. अंडं न खाणाऱ्यांनी वरचं आइस्क्रीम नको म्हणावं. गरम झेनझाई म्हणजे अझुकीच्या गोड रशात मोची (चिकट तांदळाची वडी), थंडीत याच्यासारखं काही नाही. तिच्या बाजूला येणारं खारं शेवाळ मात्र कधीकधी माशाच्या अर्कात मुरवलेलं असतं, ते विचारूनच तोंडात टाका.

चहा? ‘रोइयारु मिरुकु ती’ मागा. दुधात शिजवलेला असल्यानं आपल्या चहाच्या सर्वांत जवळचा हाच. साध्या ‘मिरुकु ती’त कोऱ्या चहाबरोबर छोट्या भांड्यात थंड दूध येतं आणि अमृततुल्यवर वाढलेल्या माणसाचा विरस होतो.

क्योतोत प्रत्येक चांगल्या कॅफेबाहेर रांग असते म्हणे. बरोबर सत्तरीचे आईवडील आहेत, उभं राहणं आणि खाली बसणं दोन्ही जमत नाही.
*(एक वाचक, कोल्हापूर)*

दिवस उलटा आखा. दुपारी १ ते ४ या वेळात गिओन आणि कियोमिझू परिसरातलं सगळं भरलेलं असतं. सकाळी ७ ला मात्र इनोदा या कॉफीघराच्या साकाइमाची रस्त्यावरच्या मुख्य दुकानात आरामात बसता येतं. इनोदा १९४० पासूनची, दुकान ऐसपैस, खुर्च्या-टेबलांचं. त्यांच्या ‘अरेबियाचा मोती’ या कॉफीत दूध-साखर आधीच घालून देण्याची जुनी पद्धत आहे. गप्पांत कॉफी निवते आणि मग साखर विरघळत नाही म्हणून ही पद्धत पडली. नको असेल तर मागतानाच सांगायचं. तिथल्या न्याहारीच्या ताटात हॅम असतं, हेही लक्षात ठेवा.

दुसरी वेळ साडेचारची. बहुतेक देवळं ४.३० ते ५ ला बंद होतात आणि गर्दी स्टेशनकडे सरकते. तेव्हा शिजो-कावारामाचीजवळच्या फ्राँस्वामध्ये जा. १९३४ चं हे दुकान आलिशान जहाजाच्या दालनासारखं सजवलेलं आहे, इमारतीची नोंद सांस्कृतिक वारसा म्हणून झाली आहे. किस्सातेन संध्याकाळी लवकर मिटतात आणि शेवटची मागणी बंद होण्याच्या अर्धा तास आधी घेतात. नकाशावर ७ लिहिलं असेल तर ६.३० हीच वेळ समजा.

माचिया म्हणजे जुन्या लाकडी घरातले कॅफे सुंदर असतात, पण अरुंद आणि लांबलचक. क्योतोचे लोक या घरांना ‘ईल माशाचं अंथरूण’ म्हणतात. बूट काढावे लागतात, जिना उभा असतो आणि वर ततामीवर म्हणजे जमिनीवरच्या चटईवर मांडी घालावी लागते. आईवडिलांसाठी दारातच विचारा: ‘इसु नो सेकि आरिमासु का?’ म्हणजे खुर्चीची जागा आहे का? प्रवासाच्या मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका, त्या स्टेशनवरच्या लॉकरमध्येच ठेवा.

दाराशी वही टांगलेली असेल तर नाव आणि माणसांची संख्या लिहायची. नाव दोन-तीन अक्षरांचंच लिहा. जपानीत ‘ल’ नाही आणि जोडाक्षरं फुटतात, त्यामुळे कुलकर्णींना ‘कुरुकारुनी सामा’ अशी हाक येते. आपलं नाव पुकारलं हे कळायच्या आत पाळी जाते.

लहान मुलांना घेऊन किस्सातेनमध्ये जाता येतं का? आणि बिल, टिप वगैरेचं कसं?
*(एक वाचक, पुणे)*

दारावरची पाटी बघा. एप्रिल २०२० पासून जपानमध्ये हॉटेलांत आत धूम्रपानाला बंदी आहे, पण जुन्या, १०० चौरस मीटरच्या आतल्या छोट्या दुकानांना काही अटींवर सूट आहे. सूट घेतलेल्या दुकानात २० वर्षांखालच्या कुणालाही, कडेवरच्या बाळालाही, आत येता येत नाही. पाटीवर सिगारेटचं चित्र आणि २० चा आकडा दिसला तर पुढचं दुकान गाठा. विनवण्या करू नका. मालकाच्या हातात काही नसतं.

आत गेल्यावर बोटांनी माणसांची संख्या दाखवायची आणि दाखवतील तिथे बसायचं. पाणी आणि ओला रुमाल न मागता येतो. माणशी एक पेय, हा बहुतेक ठिकाणी नियमच. मुलांना मेलनच्या हिरव्यागार सोड्यावर आइस्क्रीमचा गोळा असलेला ‘कुरिमु सोदा’ आवडतो. आधी चमच्यानं गोळ्याची कड खाऊ द्या. गोळा खाली दाबला की फेस उतू जातो आणि टेबल चिकट होतं.

बिलाचा कागद टेबलावर पालथा ठेवलेला असतो. तोच उचलून दाराजवळच्या गल्ल्यावर न्यायचा आणि पैसे हातात न देता तबकात ठेवायचे. टिप नाही. ठेवलीत तर विसरले समजून मागे धावत येतील. छोट्या किस्सातेनमध्ये कार्ड चालेलच असं नाही, १,००० च्या तीन-चार नोटा जवळ असू द्या.

तिथली कॉफी फार कडू आणि यायला पंधरा मिनिटं लागतात, असं आधी जाऊन आलेल्यांकडून ऐकलं. असं का? कमी कडू काय मागावं?
*(एक वाचक, नागपूर)*

कडू असते, कारण किस्सातेनमध्ये बिया गडद भाजण्याची परंपरा आहे. आणि वेळ लागतो, कारण तुमचा कप तुमच्यासाठीच बनतो. ‘नेरु’ पद्धत जवळून बघायची असेल तर काउंटरची जागा मागा. नेरु म्हणजे फ्लॅनेलची पिशवी. तिच्यात २०-२५ ग्रॅम भरड पूड, पाणी उकळतं नाही तर ८०-८५ अंशांवर आणलेलं. किटलीच्या बारीक चोचीतून आधी थेंब थेंब आणि मग सुतासारखी धार. पूड फुगून मधोमध घुमट होतो. धार त्या घुमटावरच राहिली पाहिजे, कडेला गेली की पाणी कापडाच्या भिंतीवरून निसटतं आणि कॉफी पातळ होते. तीन-चार मिनिटांत जेमतेम १०० मिलिलिटर उतरतं, पण ते दाट आणि गुळगुळीत असतं. ही पिशवी साबणानं धूत नाहीत आणि वाळवतही नाहीत, पाण्यात बुडवून थंड जागी ठेवतात. वाळली तर कापडातल्या कॉफीच्या तेलाला खवट वास येतो. गिन्झातल्या कॅफे द लांब्रमध्ये (१९४८) हीच पद्धत आहे आणि वर्षानुवर्षं मुरवलेल्या बियांची कॉफीही मिळते.

सौम्य हवी तर ‘आमेरिकान’ मागा, किंवा निम्मं दूध असलेली ‘काफे ओरे’. थंड कॉफीबरोबर साखरेचा पाक आणि क्रीम वेगळं येतं. ओसाकात त्या क्रीमला ‘फुरेश्शु’ म्हणतात आणि जुने लोक थंड कॉफीला ‘रेको’.

तुमच्या पत्रात ओकायामा शहराचंही नाव आहे म्हणून एक भर. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्याच्यावरून बेतलं, ते १७०० साली पूर्ण झालेलं कोराकुएन तिथलंच. बाग पाहून लोकल गाडीनं १५-२० मिनिटांत कुराशिकीला जा. कालव्याकाठच्या ओहारा संग्रहालयाला (१९३०) लागून वेलींनी झाकलेलं एल ग्रेको आहे, १९५९ पासूनचं. आत संग्रहालयात एल ग्रेको या चित्रकाराचं चित्र आहे, त्यावरून हे नाव. सोमवारी संग्रहालय सहसा बंद असतं, तेव्हा मंगळवार ते शुक्रवारमधला दिवस धरा.