साधं बास्केट, आंबट शॉट आणि ग्राइंडरची निवड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेलाँगीचं डेडिका हे एस्प्रेसो मशीन आहे, कॉफी दुकानातून दळून आणता. मशीनसोबतच्या बास्केटमध्ये (कॉफी भरायच्या जाळीच्या वाटीत) फेस भरपूर येतो, पण चव पाणचट. म्हणून साधं 51 मिमीचं बास्केट घेतलं, तर आता दहा सेकंदांत कप भरतो आणि कॉफी आंबट लागते. मग 58 मिमीच्या बास्केटचं मोठं मशीन घ्यावं का?

नको. तेच पैसे ग्राइंडरला लावा, तो मशीनपेक्षा महाग पडला तरी.

मशीनसोबत येणाऱ्या दुहेरी तळाच्या बास्केटला खाली एकच बारीक छिद्र असतं. दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, म्हणून दळण कसंही असलं तरी फेस दिसतो. साध्या बास्केटमध्ये पाण्याला अडवायला दाबलेल्या कॉफीच्या चकतीशिवाय काहीच नाही. खोक्यावर लिहिलेले 15 बार (बार हे दाबाचं एकक) ही पंपाची कमाल ताकद आहे. एस्प्रेसोला चकतीवर साधारण 9 बार लागतात, आणि चकतीने पाणी अडवलंच नाही तर तेवढा दाब होणार कुठून? गॅजिया क्लासिकसारख्या 58 मिमीच्या मशीनमध्ये हेच दळण घातलंत तरी हेच होईल.

दुकानातली पूड बहुतेकदा साउथ इंडियन फिल्टरच्या बेताने दळलेली असते. त्यात चिकोरी असेल तर ती या कामाला वापरूच नका. चिकोरीचा पाण्यात उतरणारा भाग कॉफीपेक्षा खूप जास्त असतो, त्यामुळे कप भरायला लागलेल्या वेळेवरून चवीचा काहीच अंदाज लागत नाही. घरच्या मिक्सरचाही उपयोग नाही. पातं दाणे फोडतं, दळत नाही. पिठी आणि भरड एकत्र पडते, आणि पाणी भरड भागातून वाट काढून निसटतं. त्या वाटेवरची कॉफी जास्त उतरून कडू होते, बाकीची कमी उतरून आंबट राहते, आणि दोन्ही चवी एकाच कपात येतात.

आता निवड. जाहिरातीत ‘40 सेटिंग’ लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. एस्प्रेसोच्या पट्ट्यात एक पायरी किती लहान आहे, एवढंच विचारा. बराट्झा एन्कोरच्या 40 पायऱ्या फ्रेंच प्रेसच्या भरड दळणापर्यंत पसरलेल्या आहेत. एन्कोर ईएसपीमध्ये मात्र पहिल्या 20 एस्प्रेसोसाठीच राखून ठेवल्या आहेत. हाताच्या ग्राइंडरमध्ये टाइममोर सी2 च्या एका क्लिकला बर (दाणे दळणारं दातेरी चाक) साधारण 80 मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग) सरकतो. सी3 ईएसपीमध्ये हेच अंतर 23 च्या आसपास, किंगग्राइंडर के6 मध्ये 16, तर वनझेडप्रेसो जे-अल्ट्रामध्ये 8. सी2 वर एका क्लिकला शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) धो-धो वाहतो आणि पुढच्या क्लिकला मशीन गुदमरतं, मधलं काही मिळत नाही. ग्राइंडर वाईट नाही, पण तो पोअर-ओव्हरचा, म्हणजे वरून पाणी ओतून गाळायच्या कॉफीचा आहे.

दिवसाला दोन-तीन कप असतील तर के6 किंवा जे-अल्ट्रासारखा हाताचा घ्या. तेवढ्याच पैशातल्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा त्याचे बर आणि बेअरिंग बहुतेक वेळा सरस असतात. फक्त लाइट रोस्टचे, म्हणजे कमी भाजलेले दाणे कडक असतात, ते हाताने एस्प्रेसोइतके बारीक दळताना मनगट भरून येतं. घरात चार जण पिणारे असतील तर युरेका मिन्योन किंवा डीएफ64 सारखा पायऱ्या नसलेला विजेचा बघा. सपाट बर की शंकूचे, यावर सध्या डोकं शिणवू नका.

सेटिंग लावताना एका वेळी एकच गोष्ट बदला. 0.1 ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवाच. 51 मिमीच्या बास्केटमध्ये 15 ग्रॅम कॉफी घ्या, कपात 30 ग्रॅम उतरलं की बंद करा. पंप सुरू केल्यापासून 25 ते 30 सेकंद लागायला हवेत. पंधरातच उतरलं तर बारीक करा, थेंबथेंब पडत असेल तर जाडसर. वजन तेच ठेवा, टॅम्परवर (पूड दाबायच्या ठोकळ्यावर) जोर वाढवून वेळ ओढायच्या फंदात पडू नका. वेळ बरोबर येऊनही आंबट लागलं तर दळण तसंच ठेवून 35 ग्रॅमपर्यंत काढा. कडू आणि जीभ कोरडी करणारं लागलं तर 27 वर थांबवा. विजेच्या ग्राइंडरमध्ये आधीचं दळण अडकून राहतं, म्हणून सेटिंग बदललं की पहिले 3-4 ग्रॅम फेकून द्या. नाहीतर नव्या सेटिंगवर जुन्याच दळणाची चव बघाल.

धार एका बाजूला फवारली किंवा मध्येच पांढुरकी पडली तर चकतीला भेग पडली आहे असं समजा. बुचात 0.3-0.4 मिमीच्या तीन-चार बारीक सुया खोचा, त्यांनी कॉफी तळापर्यंत मोकळी करा, सपाट करा आणि मगच टॅम्प करा. मशीनसोबतचा प्लास्टिकचा टॅम्पर बाजूला ठेवून बास्केटमध्ये नीट बसणारा धातूचा घ्या.

दाणे पाकिटावर रोस्टची तारीख असलेलेच आणा. मीडियम रोस्ट 7 ते 14 दिवस मुरू द्या. अगदी ताज्या दाण्यांत वायू जास्त असतो, फेस फुगतो आणि वेळ दर शॉटला वेगळी येते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात दाणे हॉपरमध्ये (ग्राइंडरवरच्या दाण्यांच्या भांड्यात) भरून ठेवू नका, लागतील तेवढेच घाला, बाकीचे हवाबंद डब्यात. हिवाळ्यात कोरड्या हवेने पूड ग्राइंडरच्या तोंडाला चिकटते. दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एखादा फवारा मारून हलवलं की चिकटणं थांबतं.

बर पाण्याने धुऊ नका, आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडा. मिक्सर साफ करायला तांदूळ फिरवतात तसे इथे अजिबात नको. कच्चा तांदूळ कॉफीपेक्षा कठीण असतो, त्याने मोटरवर ताण येतो आणि बरची धारही जाते. आणि विजेच्या ग्राइंडरमध्ये दाणे असताना सेटिंग बारीककडे न्यायचं असेल तर मोटर चालू ठेवूनच फिरवा. बंद असताना फिरवलं तर दाणे बरमध्ये अडकून बसतात.