पिल्लाला पुन्हा पुन्हा लस कशासाठी?

प्रश्न : आमच्या कुत्र्याच्या ८ आठवड्यांच्या पिल्लाला पहिली लस दिलेली असूनही पशुवैद्यांनी दर ३-४ आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. एवढ्या मात्रा खरोखरच आवश्यक आहेत का?

उत्तर : होय. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) पिल्लाचे रक्षण करतात, परंतु तीच प्रतिपिंडे लसीलाही निष्प्रभ करू शकतात, आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असल्यामुळे पार्व्हो व डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांविरुद्धची लस पिल्लू किमान १६ आठवड्यांचे होईपर्यंत ठरावीक अंतराने द्यावी लागते. म्हणूनच अधली मात्रा चुकवणे मला धोक्याचे वाटते. रेबीजची लस साधारणतः १२ आठवड्यांनंतर देतात.

पहिल्या भेटीत वजन, हृदय, दात, टाळू आणि बेंबीजवळचा हर्निया तपासला जातो. जंतांच्या तपासणीसाठी ताजी विष्ठा सोबत न्यावी. (आधीच्या मालकाकडून लसीकरणाचे कार्ड अवश्य मागून घ्यावे, तोंडी माहितीवर विसंबू नये.) लसीनंतर एखादा दिवस मरगळ येणे स्वाभाविक आहे, मात्र तोंडावर सूज, वारंवार उलट्या किंवा श्वास घेण्यास त्रास दिसल्यास पिल्लाला तत्काळ दवाखान्यात न्यावे.