आईच्या आजाराचं उत्तर मुलीनंच शोधायचं का?

प्रश्न : माझी पत्नी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. पहिल्या वेळी कीमो छान लागू पडली, पण दीड वर्षानं कॅन्सर परत आला आणि तेच औषध चालेना. हल्ली रुग्णाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत त्रिमितीय गाठी वाढवतात, त्यांच्यावर औषधं टाकून बघतात, असं वाचलं. म्हणजे जे औषध गाठ मारेल ते रुग्णाला द्यायचं. चार-पाच वर्षांत उत्तर मिळेल. मुलगी अकरावीत आहे, ८४ टक्के आहेत. दिवसभर कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहीत बसते. तिनं या संशोधनात जावं असं मी ठरवलंय, ती नाही म्हणणार नाही. कोणता कोर्स घ्यावा? – एक वडील

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मार्कांची चिंता सोडा, ८४ टक्के पुरेसे आहेत. मी अडखळले ते ‘ती नाही म्हणणार नाही’ या वाक्यापाशी.

आई गेलेली सोळा वर्षांची मुलगी वडिलांना नाही म्हणत नाही, याचा अर्थ तिला ते हवंय असा होत नाही. या विषयावर बोलताना तुम्हाला जरा उभारी येते, हे तिला दिसत असणार. ती टिकावी म्हणून ती मान डोलावत असेल. असा होकार देऊन आलेली मुलं माझ्यासमोर बसलेली आहेत, पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला. प्रयोग फसला की त्यांना वाटतं, आपण घरच्या माणसाला पुन्हा एकदा गमावलं. आणि या कामात प्रयोग सारखे फसतात.

तुमचा समजही दुरुस्त करायला हवा. प्लेटच्या तळाशी सपाट थरात वाढणाऱ्या पेशींना औषध सारखंच पोचतं. गोळ्यासारख्या गाठीत ऑक्सिजन जेमतेम ०.२ मिलिमीटर आत झिरपतो. गाभ्यातल्या पेशी उपाशी राहतात आणि विभाजन थांबवून पडून असतात. बरीचशी कीमो विभाजन चालू असलेल्या पेशींवरच घाव घालते, म्हणून बाहेरच्या मरतात, आतल्या तगतात. औषध हरतं कुठे, हे अशा गाठीत दिसतं. तिचं खरं मोल ते आहे. २००९ मध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स या शास्त्रज्ञांच्या गटानं आतड्याच्या एकेका मूळपेशीपासून (स्टेम सेल) ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवासारखी रचना असलेला पेशींचा सूक्ष्म त्रिमितीय गोळा, वाढवलं, तिथून हे क्षेत्र झपाट्यानं वाढलं. २०१८ मध्ये पचनमार्गाच्या पसरलेल्या कॅन्सरवरच्या एका अभ्यासात, जी औषधं रुग्णाच्या ऑर्गनॉइडवर निकामी ठरली ती त्या रुग्णावरही निकामी ठरली. जी चालली ती मात्र रुग्णावर प्रत्येक वेळी चालली नाहीत. या गाठींना सहसा रक्तवाहिन्या नसतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी नसतात. शिवाय प्रत्येक रुग्णाचा नमुना वाढतोच असंही नाही. त्यामुळे चार-पाच वर्षांत ‘उत्तर’ मिळेल असं कुणीही सांगू शकणार नाही.

रोजचं काम कसं असतं तेही ऐका. पेशी ज्यात रुजवतात ते मॅट्रिजेल बर्फावर पातळ असतं, जरा ऊब लागली की घट्ट होतं. म्हणून पिपेटची टोकंसुद्धा आधी गार करून ठेवायची, प्लेटमध्ये घुमटासारखा थेंब सोडायचा, दर दोन-तीन दिवसांनी पोषक द्रव बदलायचा, सुट्टी असली तरी. बुरशी लागली की महिन्याभराचं काम फेकून द्यायचं. ज्याला हे आवडतं तो यात रमतो. केवळ कर्तव्य म्हणून करणारा थकतो.

मार्ग तसा सरळ आहे : जीवशास्त्राशी संबंधित बीएस्सी, एमएस्सी, मग प्रवेश परीक्षा देऊन पीएचडी. एमबीबीएस करूनही संशोधनाकडे वळता येतं.

पुढचं लिहू की नको, असा मला प्रश्न पडला होता. या गाठींच्या हजारो सूक्ष्म छायाचित्रांतून कुठली पेशी जिवंत, कुठली मेलेली, हे ओळखायला प्रोग्रॅम लिहिणारी माणसंच लागतात. ही ओळ वाचून तुम्ही लगेच तिच्या खोलीत जाल, अशी मला भीती वाटते. कृपा करून जाऊ नका. तिला प्रोग्रॅमिंग आवडतं ते तिचं स्वतःचं राहू द्या. त्यातून ती कुठे जाईल, कॅन्सरकडे किंवा भलतीकडेच, ते तिला ठरवू द्या.

आणि तुम्ही स्वतः एखाद्या समुपदेशकाला भेटा. इथे छापलं नाही, पण तुमच्या पत्रात पत्नीच्या औषधांची नावं, तारखा, सगळं पाठ असल्यासारखं आहे. हे इतकी वर्षं तुम्ही एकट्यानं वाहिलंय.

पुढचं पत्र मुलीला लिहू द्या. तिला काय विचारायचंय ते तिच्या शब्दांत येऊ द्या आणि पाकीट तुम्ही उघडून न बघता तिलाच पाठवू द्या.