मेकॅनिकल कीबोर्डचा नवीनच नाद लागलाय, चार महिन्यांत तीन झाले. हे खूळ आहे का? आणि पुढचा कोणते स्विच बघून घ्यावा?

तुमच्या प्रश्नात खाली एक ओळ आहे: बायको म्हणते, "टायपिंगच करायचंय ना, मग इतके कशाला?" त्या ओळीसाठी हे उत्तर लिहितेय. कारण हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

खूळ नाही. ज्या वस्तूवर माणूस दिवसाचे आठ-आठ तास बोटं चालवतो, ती चांगली असावी असं वाटणं आणि तिचे प्रकार जाणून घ्यावेसे वाटणं यात काहीही वावगं नाही. शिंप्याने आपली कात्री दुसऱ्याला हात लावू दिली नाही तर आपण त्याला कसबी म्हणतो. टायपिंग करणाऱ्यालाच हिशेब का विचारायचा?

सांगलीत दादाचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, निवडणुकीच्या दिवसांत पत्रकं. तिथे टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड होता. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर, बँकेच्या काउंटरवर ज्याची टकटक आपण सगळ्यांनी ऐकलीय, तोच. आत चेरी कंपनीचे निळे स्विच. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो आणि रंगावरून त्याचा प्रकार कळतो: निळा टक् वाजतो, लाल सरळ खाली जातो, तपकिरीला मध्ये हलका टप्पा असतो. कॉलेजात असल्यापासून मी त्यावर इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या सरकारी कीबोर्ड-मांडणीने, मराठी टाइप करायचे आणि दुकानात माझ्याइतका वेग कुणाचाच नव्हता, हे दादाही मान्य करतो.

ऐन लग्नसराईत एका गिऱ्हाइकाच्या हातून त्यावर चहा सांडला. पुसला, उलटा करून वाळवला. बाकी सगळी बटणं सुधारली, पण इंग्रजी ई-चं बटण एका दाबात दोनदा लागायला लागलं. इनस्क्रिप्टमध्ये तिथे काना असतो, आणि मराठीत कान्यावाचून ओळ पुढे सरकत नाही. 'विवाह' लिहायला गेलं की दोन काने, दुसरा त्या ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेला. दर शब्दाला बॅकस्पेस.

दादा म्हणाला, भंगारात टाक, चारशेचा नवीन आणू. आणलासुद्धा. रबराचा, मऊ. तळापर्यंत दाबल्याशिवाय अक्षर उमटायचं नाही, आणि अक्षर उमटलं की नाही ते बोटाला कळायचं नाही, पडद्याकडे बघावं लागायचं. संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं दुखायची.

मी जुना कीबोर्ड घरी नेला. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडून सोल्डरिंग आयर्न आणि कथील ओढायचा पंप मागून आणला. त्या कीबोर्डवर स्क्रोल लॉकचं बटण कधी कुणी दाबलेलं मी पाहिलं नव्हतं, म्हणजे तिथला स्विच जवळपास कोरा. प्रत्येक स्विचला खाली दोन पाय असतात. एकेका पायावरचं कथील वितळवायचं, लगेच पंप लावून ओढायचं, पाय मोकळे झाले की स्विच वर उचलायचा. ई-चा काढला, स्क्रोल लॉकचा काढला आणि त्यांच्या जागा बदलल्या. चालू केला आणि पहिल्याच दाबाला एकच काना.

त्याआधी खराब स्विच मी उघडून पाहिला होता. निळ्या स्विचच्या आत दांड्याला एक पांढरी सरकती कड असते. दाबताना ती मध्येच झटकन खाली जाते, 'टक्' आवाज तिचा. बाजूला तांब्याच्या रंगाची पातळ पट्टी असते, तिचा स्पर्श झाला की अक्षर उमटतं. त्या पट्टीवर चहाच्या साखरेचा तपकिरी पापुद्रा चढला होता, नखाने खरवडला तर निघाला. एवढ्याशा पापुद्र्यासाठी अख्खा कीबोर्ड भंगारात जाणार होता. माझा नाद तिथून सुरू झाला.

दादाने काय म्हणावं? "एवढ्या वेळात पाच पत्रिका झाल्या असत्या." आता मी पुण्यात घरी बसून अनुवादाचं काम करते, कपाटात कीबोर्ड आहेत, आणि दादा येतो तेव्हा कपाट उघडून विचारतो, "बोटं दहाच ना तुला?"

दहाच आहेत. पण काम एका प्रकारचं नाही. दिवसा लांबलचक मजकूर असतो तेव्हा मला निळे लागतात, प्रत्येक अक्षराची पावती बोटाला मिळते. रात्री घरचे झोपलेले असतात, तेव्हा आवाज दाबलेले लाल. हिशेबाच्या दिवशी आकड्यांचा पट्टा असलेला मोठा. ज्याने दिवसभर टाइप केलेलं नाही त्याला हे चोचले वाटतात. दादाने पत्रिका छापल्या, टाइप मात्र मी आणि दोन पोरांनी केल्या.

आता तुमचा प्रश्न. तपकिरी घेऊ नका. बोटाला धड टप्पा जाणवत नाही आणि लालसारखा सरळ जातही नाही. दुकानदार 'सुरुवातीला हाच बरा' म्हणून देतात, कारण त्याबद्दल तक्रार कुणी करत नाही. लाल घ्या नाहीतर निळे. लाल साधारण 45 ग्रॅमला, 2 मिलिमीटरवर लागतो आणि 4 मिलिमीटरला तळ गाठतो, म्हणजे तळापर्यंत बडवायची गरजच नाही. ही सवय लागायला थोडे दिवस जातात.

कीबोर्ड हॉट-स्वॅप घ्या, म्हणजे स्विच चिमट्याने उपटून बदलता येतात. चेरीचं पेटंट संपल्यापासून गॅटेरॉन, काइल, औटेमू अशा कंपन्याही त्याच मापाचे स्विच करतात, त्यामुळे एकाच कीबोर्डात चार प्रकार वापरून बघता येतात. तुमचे तीन कीबोर्ड झालेत त्यातले दोन बहुधा यातच वाचले असते.

व्हिडिओत आवाज ऐकून स्विच घेऊ नका. तो आवाज निम्मा टेबलाचा, खालच्या चटईचा आणि माइकचा असतो. स्विच गुळगुळीत चालावा म्हणून आत ग्रीस लावायचं तर लालला लावा, निळ्याला नको, टक् बसून जातं. आधी स्पेसबारचे स्टॅबिलायझर, म्हणजे लांब बटण तिरकं न होता खाली जावं म्हणून त्याखाली असलेले आधार, नीट करा, खडखड बहुतेक तिथूनच येते.

मराठी टाइप करत असाल तर 40 टक्केवाल्या चिमुकल्या कीबोर्डच्या वाटेला जाऊ नका. त्याला आकड्यांची रांगच नसते, आणि इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 5 ला ज्ञ, 6 ला त्र, 7 ला क्ष, 8 ला श्र आहे. ड तर पी-शेजारच्या चौकटी कंसावर. लेयर लावून, म्हणजे एक जादा बटण धरून बाकीच्या बटणांना दुसरी अक्षरं देऊन, हे जमतं असं सांगणारे भेटतील, त्यांनी पानभर मराठी टाइप करून दाखवावं.

आधी पैसे भरून वर्षभराने माल येणाऱ्या ग्रुप बायमध्ये एवढ्यात पडू नका. परदेशातून मागवलंत तर वर कस्टमची ड्युटी धरा.

हो, निळे ऑफिसात नेऊ नका, शेजारी बसणाऱ्याचा खरंच छळ होतो. हॉट-स्वॅपमध्येही स्विच घाईने बसवला तर पाय वाकतो, सरळ धरून दाबा. आणि मनगट आधीच दुखत असेल तर कुठल्याही स्विचने बरं होणार नाही, आधी टेबल-खुर्चीची उंची बघा.

बायकोचं म्हणाल तर तिला एक दिवस तुमच्या कीबोर्डवर तिचं काम करू द्या. वाद त्यावर सुटेल, माझ्या उत्तरावर नाही. दादा माझ्या कीबोर्डवर अजून बसलेला नाही. आणि तिन्हींपैकी जो तुम्ही महिनाभरात एकदाही जोडला नसेल, तो टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या एखाद्या पोराला देऊन टाका. चौथा त्यानंतर घ्या, पण घ्याच.